निळा धूर आला म्हणजे टर्बो गेला?

टर्बो असलेल्या गाडीच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं : ‘टर्बो गेला.’ पाठोपाठ खर्चाचा पाच आकडी अंदाज येतो. मालक धसका घेतो, टर्बो बदलला जातो, आणि कित्येकदा थोड्याच दिवसांत नव्या टर्बोसकट गाडी पुन्हा धूर मारू लागते. असं होण्याची मुख्य कारणं दोन. एक तर ऑइल दुसऱ्याच वाटेनं जळत होतं. किंवा टर्बो खरंच निकामी झाला होता, पण त्याला निकामी करणारा बिघाड इंजिनात तसाच राहिला होता. निळ्या धुराचं निदान अंदाजानं करायची गरज नाही. त्याला एक क्रम आहे, आणि त्यातल्या सुरुवातीच्या पायऱ्या गाडीमालकाला स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी तपासता येतात.

आपल्याकडे हा प्रश्न आता घरोघरचा होत चालला आहे. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट, म्हणजे १,२४८ सीसीचं टर्बो-डिझेल इंजिन, भारतात अनेक कंपन्यांनी वापरलं. २००७ मध्ये मारुतीची डिझेल स्विफ्ट याच इंजिनावर आली. पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, टाटाची इंडिका व्हिस्टा आणि मांझा, फियाटची पुंटो आणि लिनिया अशा गाड्यांत ते बसलं. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून हे इंजिन गेलं. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणाऱ्या या गाड्या वय झालेल्या आहेत, आणि पुष्कळशा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. दुसरीकडे नेक्सॉन, व्हेन्यूसारख्या गाड्यांमुळे लहान टर्बो-पेट्रोल इंजिनंही सर्रास झाली. ज्या घरात कधी ‘टर्बो’ हा शब्द उच्चारला गेला नव्हता, त्या घरातही आज टर्बो आहे.

आधी रंग ओळखा

काळा धूर म्हणजे काजळी : इंधन जास्त, हवा कमी. पांढरा धूर थंड सकाळी क्षणभर दिसून विरला तर ती वाफ असते, तिची काळजी नको. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि कूलंट कमी होत असलं, तर हेड गॅस्केटकडे संशय जातो. डिझेल गाडीत इंजेक्टर नीट फवारा मारत नसेल तर न जळलेल्या डिझेलचाही पांढरट धूर येतो. त्याचा वास डोळ्यांना झोंबतो.

ऑइलचा धूर निळसर दिसतो, कारण अर्धवट जळलेल्या ऑइलचे थेंब अतिशय सूक्ष्म असतात आणि प्रकाशातला निळा भाग ते जास्त विखुरतात. हा निळेपणा काळसर पार्श्वभूमीवर, झाडी किंवा गडद भिंतीसमोर, स्पष्ट दिसतो. उजळ आकाशासमोर तोच धूर तपकिरी-पिवळट भासतो आणि निदान चुकतं. वास मात्र फसवत नाही. तापल्या तव्यावर तेल करपल्यासारखा तो जाड, चिकट वास असतो.

बीएस-६ डिझेल गाड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. त्यांच्या एक्झॉस्टमध्ये कण अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. इंजिन ऑइल जाळत असलं तरी बराच काळ बाहेर काहीच दिसत नाही. ऑइलमधल्या धातुयुक्त घटकांची राख फिल्टरमध्ये साचत जाते. अशा गाडीत डिपस्टिक हाच पहिला साक्षीदार.

ऑइल किती जातं, ते मोजा

प्रत्येक इंजिन थोडं ऑइल खातंच. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहिला नाही तर पिस्टन टिकणार नाही, आणि त्या थरातला अंश जळणारच. प्रश्न प्रमाणाचा आहे. बऱ्याच कंपन्या १,००० किलोमीटरला अर्धा ते एक लिटरपर्यंतचा खप ‘मर्यादेत’ धरतात. ही मर्यादा किती सैल आहे, हे हिशेबानं कळतं. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १,००० किलोमीटरला सुमारे ६७ लिटर इंधन घेते. त्यात एक लिटर ऑइल जळलं तर प्रमाण दीड टक्क्याच्या घरात गेलं. जुन्या टू-स्ट्रोक चेतकमध्ये पेट्रोलात ऑइल मिसळायचं प्रमाण साधारण दोन टक्के होतं. चारचाकी त्या प्रमाणाच्या इतकी जवळ जात असेल, तर कागदोपत्री मर्यादेत असूनही शोध घ्यायलाच हवा.

मोजायची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पातळी पाहा आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. दर वेळी त्याच जागी, तसंच पाहा. किती मिलिलिटर टॉप-अप केलं तेही लिहा. १,००० किलोमीटरच्या नोंदी हातात असतील तर गॅरेजमधली चर्चा ‘मला वाटतं’वरून आकड्यांवर येते.

पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर तेच धुराचं कारण असू शकतं. सर्व्हिसिंगमध्ये जास्त ऑइल भरलं गेलं की क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसमधले वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ते हवेच्या वाटेनं इंजिनात ओढलं जातं. डीपीएफ असलेल्या गाडीत फक्त शहरातले छोटे फेरे होत असतील तर फिल्टर साफ होण्याची प्रक्रिया अर्धवट राहते, डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि न भरताही पातळी वाढते. ऑइल वाढतंय हे लक्षण ऑइल कमी होण्याइतकंच गंभीर आहे.

ऑइल जळण्याच्या वाटा

टर्बो इंजिनात ऑइल धुरापर्यंत पाच वाटांनी पोचतं : पिस्टनच्या रिंगांवरून, वॉल्व्हच्या सीलमधून, क्रँककेसच्या ब्रीदरमधून, टर्बोच्या हवेकडच्या बाजूनं आणि टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या बाजूनं. पहिल्या चार वाटांनी गेलेलं ऑइल सिलिंडरमध्ये जळतं. पाचवीनं गेलेलं सिलिंडर गाठतच नाही; ते थेट तापलेल्या एक्झॉस्टमध्ये पडून धुरकटतं. हा फरक पुढे निदानाला फार उपयोगी पडतो.

टर्बो ऑइल का सोडतो, हे कळण्यासाठी त्याची रचना पाहायला हवी. एका दांड्याच्या एका टोकाला एक्झॉस्टच्या झोतानं फिरणारं टर्बाइन चाक आणि दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं कंप्रेसर चाक. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानं १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि तत्त्व आजही तेच आहे. लहान कारच्या टर्बोत हा दांडा मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेऊ शकतो, म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून जास्त. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेच ऑइल त्याला थंडही ठेवतं.

दांड्याच्या दोन्ही टोकांना रबरी सील नसतात. इतक्या वेगात आणि उष्णतेत रबर टिकणार नाही. तिथे पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या कड्या असतात. त्या एकट्या ऑइल अडवत नाहीत. बाहेरच्या घरात, म्हणजे चाकांच्या बाजूला, दाब जास्त आणि मधल्या ऑइलच्या घरात कमी असतो. या फरकामुळे ऑइल आत राहतं. शिवाय बेअरिंगमधून सुटलेलं फेसाळ ऑइल रुंद नळीतून केवळ उतारानं, कोणत्याही पंपाशिवाय, खाली ऑइलच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये परततं.

या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या की बहुतेक कोडी सुटतात. परतीची नळी कार्बनने किंवा चुकीच्या बसवलेल्या गॅस्केटनं अर्धवट बुजली, तर ऑइल तुंबतं आणि कड्या ओलांडतं. रिंगा झिजल्यामुळे किंवा ब्रीदर चोंदल्यामुळे क्रँककेसमध्ये दाब वाढला, तर तो ऑइलला खाली उतरू देत नाही. एअर फिल्टर भरून गेला, तर कंप्रेसरच्या तोंडाशी ओढ निर्माण होते आणि स्लोवर असताना ऑइल हवेच्या बाजूला खेचलं जातं. या तिन्ही प्रसंगी टर्बोत काहीही बिघडलेलं नसतं, आणि नवा टर्बो बसवला तरी तोही ऑइल सोडतो.

धूर केव्हा येतो?

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना निळा लोट आला आणि मिनिटभरात विरला, तर वॉल्व्ह सील कडक झाले असण्याची शक्यता जास्त. रात्री ऑइल वॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपून खाली साचतं. पेट्रोल गाडीत याच बिघाडाची आणखी एक खूण आहे. खंबाटकीसारखा घाट गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये मोठी निर्वात ओढ तयार होते आणि सीलमधून ऑइल ओढलं जातं. खाली येऊन ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळा ढग दिसतो. डिझेल इंजिनात अशी ओढ फारशी नसल्यामुळे ही खूण तिथे भरवशाची नाही.

भरल्या गाडीनं चढ चढताना धूर सतत येत असेल आणि ताकदही कमी वाटत असेल, तर रिंगांकडे पाहावं. सिग्नलला बराच वेळ स्लोवर उभं राहिल्यावर, निघताना ढग येत असेल, तर टर्बो, त्याची परतीची नळी आणि एअर फिल्टर हे संशयित. शिट्टीसारखा आवाज वाढला, ताकद घसरली आणि धूर अचानक दाट झाला, तर टर्बोची बेअरिंग गेली असण्याची शक्यता खरी आहे.

ही लक्षणं दिशा दाखवतात, निकाल देत नाहीत. निकाल तपासणीतून लागतो.

स्वस्त तपासण्या आधी

सर्वांत आधी एअर फिल्टर आणि ऑइलची ग्रेड पाहा. मग ब्रीदर. इंजिन स्लोवर असताना ऑइल भरायचं झाकण सावकाश सैल करा. तिथून जोरात धाप लागल्यासारखी हवा आणि धूर येत असेल, ज्याला मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतात, तर एक तर ब्रीदर चोंदला आहे किंवा रिंगांवरून वायू खाली निसटतो आहे. पेट्रोल गाडीत उलट झालं, झाकण आतून ओढल्यासारखं घट्ट बसलं आणि कुठे तरी शिट्टी ऐकू आली, तर ब्रीदरच्या वाटेवरच्या पीसीव्ही वॉल्व्हचा पडदा फाटला असावा. मॅनिफोल्डची ओढ मग थेट क्रँककेसवर बसते आणि ऑइलचे तुषार आत खेचले जातात. टर्बो-पेट्रोलमध्ये याच व्यवस्थेत एकाच दिशेनं हवा जाऊ देणारा वॉल्व्हही असतो. तो बिघडला तर टर्बोचा दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरतो आणि प्रत्येक सीलमधून ऑइल बाहेर पडू पाहतं. हे भाग टर्बोच्या तुलनेत फार स्वस्त आहेत, आणि घाईत हेच तपासायचे राहतात.

यानंतर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून क्रमानं मांडा. एकाच सिलिंडरचा प्लग ऑइलनं ओला असेल, तर दोष त्या सिलिंडरच्या रिंगेत किंवा वॉल्व्ह सीलमध्ये. सगळेच सारखे ओले असतील, तर ऑइल सामाईक वाटेनं, म्हणजे ब्रीदर किंवा टर्बोच्या हवेच्या बाजूनं येतंय. प्लग कोरडे आणि तरी मागे निळा धूर, तर टर्बोची एक्झॉस्टकडची बाजू.

टर्बोनं दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाइपही सोडून पाहावेत. आत ऑइलचा पुसट थर असणं स्वाभाविक आहे. ब्रीदरमधून येणारे तुषार तिथे बसतात. तो थर दाखवून कुणी टर्बो बदलायला सांगत असेल तर लगेच मान्य करू नये. पाइप वाकवल्यावर ऑइल ओतून निघत असेल, तर मात्र पुढची तपासणी हवी.

कॉम्प्रेशन चांगलं, तरी दोष रिंगेत

कॉम्प्रेशन चाचणीत पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण १० ते १३ बार, तर डिझेलमध्ये २० ते ३० बारच्या आसपास दाब दिसतो. अचूक आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा. आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. पेट्रोल इंजिनात दाब कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत; तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून ती कुठून निसटते हे पाहणारी लीक-डाउन चाचणी याहून नेमकी असते.

पण इथे एक सापळा आहे. पिस्टनवर सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब राखतात, खालची भिंतीवरचं ऑइल निपटते. ही खालची ऑइल रिंग कार्बनने खाचेत अडकून बसली, तर कॉम्प्रेशन उत्तम येतं आणि इंजिन तरी लिटरनं ऑइल खातं. फोक्सवॅगन समूहाच्या ईए८८८ मालिकेतली दुसऱ्या पिढीची टर्बो-पेट्रोल इंजिनं याचं जगभर माहीत असलेलं उदाहरण आहे. त्यांच्या ऑइल रिंगा बारीक होत्या आणि पिस्टनमधली ऑइल परतायची छिद्रं लहान. ती बुजली की ऑइल वर जळायचं. टर्बोचा त्यात काही संबंध नव्हता. खरा उपाय सुधारित पिस्टन आणि रिंगा हाच ठरला.

टर्बो तपासायचा तर असा

हवेच्या बाजूचा पाइप काढून, इंजिन थंड आणि बंद असताना, चाकाचं मधलं टोक बोटांनी हलवून पाहतात. आडवा थोडा प्ले, म्हणजे ढिलाई, असणं चालतं, कारण दांडा ऑइलच्या थरासाठी ठेवलेल्या फटीत बसलेला असतो. उभा, म्हणजे आत-बाहेर हाताला जाणवणारा प्ले असेल, पाती घराला घासल्याच्या खुणा असतील किंवा पात्यांची टोकं तुटली असतील, तर टर्बो संपला. एक्झॉस्टकडचा पाइप सोडून टर्बाइन चाक पाहिलं आणि ते ओलं, चिकट काळं असलं, पण इंजिनाकडून येणारा मॅनिफोल्ड कोरडा असला, तर ऑइल टर्बोतूनच येतंय हे सिद्ध होतं. त्यानंतरही परतीची नळी काढून ती मोकळी आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

दुरुस्ती मुळापासून

वॉल्व्ह सील बदलायला प्रत्येक वेळी हेड खोलावं लागत नाही. बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून वॉल्व्ह जागच्या जागी धरतात आणि वरूनच सील बदलतात. अडकलेल्या रिंगांसाठी पिस्टनवर कार्बन विरघळवणारं द्रावण टाकून ठेवण्याचा उपाय काही वेळा लागू पडतो, आणि मोठ्या खर्चाआधी करून पाहायला हरकत नाही. झिजलेल्या रिंगांना मात्र इंजिन काम हाच पर्याय. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात जाड २०डब्ल्यू-५० ऑइल भरून धूर ‘दाबणं’ धोक्याचं आहे. गाडी सुरू होताना ते टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं, आणि धुराच्या बदल्यात टर्बोचं आयुष्य जातं.

टर्बो बदलावाच लागला तर सोबत काही कामं अनिवार्य आहेत. ऑइल येण्याची नळी आणि तिच्या बोल्टमध्ये जाळी असल्यास ती नवी घालावी. परतीची नळी साफ करावी. ऑइलच्या जोडांवर गॅस्केट पेस्ट लावू नये. तिचे तुकडे सुटून नळी बुजवतात. इंटरकूलर धुवावा, कारण त्यात ऑइल आणि पात्यांचे तुकडे असू शकतात. ऑइल आणि फिल्टर नवे. सुरू करण्याआधी टर्बोच्या तोंडात स्वच्छ ऑइल भरावं, म्हणजे पहिले काही सेकंद तो कोरडा फिरत नाही. इतकं नीट करूनही सायलेन्सरमध्ये आधीच साठलेलं ऑइल जळून जाईपर्यंत धूर येत राहतो. महामार्गावर चांगली धाव झाल्यावर पुन्हा पाहावं.

डिझेलमधला खरा धोका

डिझेल इंजिनात ऑइल हवेच्या बाजूनं मोठ्या प्रमाणात आत गेलं, तर इंजिन त्यालाच इंधन म्हणून जाळू लागतं. स्पार्कची गरज नसल्यानं किल्ली बंद करूनही ते थांबत नाही. आरपीएम आपोआप चढत जातात, मागे धुराचे लोट उठतात आणि इंजिन फुटू शकतं. मॅन्युअल गाडीत अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून सर्वांत वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावं. ते जमलं नाही, किंवा गाडी ऑटोमॅटिक असली, तर सगळ्यांनी उतरून लांब जावं. बॉनेट उघडून हवेचं तोंड हातानं बंद करायचा प्रयत्न कुणीही करू नये. म्हणूनच डिझेल गाडीत स्लोवर आरपीएम आपोआप वरखाली होऊन निळा धूर दिसला, तर ती चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये. टो करून न्यावी.

टर्बो जपायचा तो असा

टर्बोचं आयुष्य मुख्यतः ऑइलवर ठरतं. सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल, वेळेवर बदल आणि चांगला फिल्टर, इतकं केलं तरी बहुतेक टर्बो इंजिनाच्या बरोबरीनं टिकतात. थंड इंजिनाला सुरू होताच रेस देऊ नये. घाट किंवा लांब वेगवान प्रवासानंतर लगेच किल्ली फिरवू नये, मिनिटभर स्लोवर चालू द्यावं. नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतं आणि पुढे तोच कार्बन नळ्या बुजवतो. जुनी गाडी घेताना विक्रेत्याला ती आधी सुरू न करण्याची अट घालावी आणि पहिली थंड सुरुवात स्वतः पाहावी. पीयूसीवर विसंबू नये. ती डिझेलच्या धुराची दाटी आणि पेट्रोलमधले कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन मोजते. ऑइल कुठून जळतं, हे ती सांगत नाही.

जळणाऱ्या ऑइलची किंमत फक्त टॉप-अपपुरती नसते. त्यातलं फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतं, राख डीपीएफ भरते, आणि मागून येणारा दुचाकीस्वार तोच धूर छातीत भरून घेतो. म्हणून दुरुस्ती लांबवू नये, पण आंधळेपणानंही करू नये. गॅरेजमध्ये तीन गोष्टी विचाराव्यात : ब्रीदर तपासला का, परतीची नळी उघडून पाहिली का, आणि ऑइल टर्बोतूनच येतंय याचा पुरावा काय? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी दुखावत नाही. तो ओलं टर्बाइन किंवा बुजलेली नळी हातात घेऊन दाखवतो. टर्बो बदलावा लागला तर जरूर बदलावा, पण तो का गेला याचं उत्तर नवा टर्बो बसण्याआधी मिळालं पाहिजे.